जवसाचं तेल आणि लेअरची अंडी : उमरेडकडच्या एका शेडच्या प्रकल्प नोंदी

१८ डिसेंबर

शेडमध्ये जाळी मारून तीन खण केले. प्रत्येक खणात वीस कोंबड्या, सगळ्या एकाच लॉटच्या, तपकिरी अंडी देणाऱ्या लेअर. वय साधारण तीस आठवडे, म्हणजे अंड्यावर नीट आलेल्या. शेड काकूच्या नावावर आहे, पैशाचा हिशेब तिच्याकडे. खाद्य, वजनं आणि ही वही माझ्याकडे.

अ खण : तेल नाही. ब खण : खाद्यात ३ टक्के सोयाबीन तेल. क खण : ३ टक्के जवसाचं तेल. पाणी, उजेड, शिंपल्याचा चुरा, मिनरल मिक्सचर, खाद्याची वेळ सगळ्यांना सारखी.

हे सगळं सुरू झालं नागपूरच्या एका दुकानदारामुळे. त्याला ‘ओमेगावाली अंडी’, म्हणजे ओमेगा-३ नावाची चरबी जास्त असलेली अंडी पाहिजेत आणि तो ट्रेमागे चांगला जास्तीचा भाव द्यायला तयार आहे. आपल्या भिवापूर-उमरेड पट्ट्यात जवस होतं, घाणी जवळ आहे, मग काकू म्हणाली करून पाहू. माझं म्हणणं एवढंच, की विकायच्या आधी तेलाने अंड्यात काय बदलतं आणि काय बदलत नाही हे आपल्याला तरी कळलं पाहिजे.

सूर्यफूल तेल घेतलं नाही. त्यात लिनोलेइक ॲसिड, म्हणजे ओमेगा-६, भरपूर, पण ओमेगा-३ जवळजवळ नाहीच. सरकीचं तेलही नाही. काकूला ते पटलेलं नाही, कारण सरकी स्वस्त पडते आणि म्हशीला तर ती ढेप रोज जाते. त्यावर पुढे लिहीन.

२१ डिसेंबर

घाणीवर जाऊन तेल आणलं. काकाजींनी समोर गाळून दिलं. जवसाच्या दाण्यात वजनाच्या ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि त्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक ॲसिड. पुढे याला एएलए लिहितो. हेच वनस्पतींमधलं ओमेगा-३. सोयाबीन तेलात ते सात-आठ टक्के, आणि निम्मं तेल लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६. सरकीतही अर्धं लिनोलेइक, आणि वर पामिटिक, म्हणजे संपृक्त चरबी, बावीस-चोवीस टक्के.

काकाजींनी एक गोष्ट बजावून सांगितली : “जवसाचं तेल उभं नाही राहत बाबू. थोडं थोडं नेत जाजो.” बरोबर आहे. एएलएच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात, तिथे हवेतला ऑक्सिजन धरतो. म्हणूनच हे तेल पातळ लावलं की सुकून त्याचा पापुद्रा होतो, म्हणूनच ते रंगात आणि लाकडाला वापरतात. जो गुण सुताराला पाहिजे तोच आपल्याला नको.

यावरून एक सावधगिरी लिहून ठेवतो, कारण गावातल्या एकाने मला हार्डवेअरच्या दुकानातलं तेल स्वस्त पडेल म्हणून सुचवलं. ते उकळलेलं जवसाचं तेल असतं, लवकर सुकावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. ते कोंबडीच्या खाद्यात कधीच जाऊ द्यायचं नाही. दुसरं, ज्या फडक्याने डबा-ड्रम पुसतो ते गोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात. धुऊन, पसरून वाळत घालायची. शेडमध्ये तनस आणि पोत्यांचा ढीग असतो, एप्रिल-मेमध्ये हे लक्षात राहिलंच पाहिजे.

२४ डिसेंबर

आज खाद्य तयार केलं. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि गेला तो बरा.

पहिला मुद्दा वजनाचा. तेल लिटरने मापायचं नाही, काट्यावर मापायचं. लिटरभर तेल साधारण ९२० ते ९३० ग्रॅम भरतं. ५० किलोच्या मिश्रणात ३ टक्के म्हणजे दीड किलो, म्हणजे एक लिटर सहाशेच्या थोडं वर. दीड लिटर ओतलं की कमी पडलं.

दुसरा मुद्दा उष्मांकाचा, तो जास्त महत्त्वाचा. कोंबडी पोट भरायला नाही, बऱ्याच अंशी ऊर्जा भरायला खाते. तयार खाद्यावर नुसतं तेल वरून ओतलं तर खाद्याची ऊर्जा वाढते, कोंबडी कमी खाते, आणि कमी खाल्लं की प्रोटीन, कॅल्शियम, मिथिओनिन (प्रोटीनमधलं एक गरजेचं अमिनो ॲसिड) सगळंच कमी पोटात जातं. मग अंडी घटली की लोक म्हणतात तेल बाधलं. आणि आपल्या तुलनेतही तेलाचा परिणाम कोणता आणि कमी खाण्याचा कोणता हे कळलं नसतं.

म्हणून तिन्ही खणांची ऊर्जा सारखी ठेवली. मका किलोला साधारण ३,३५० किलोकॅलरी, तेल ८,६०० धरलं, तेल काढलेला तांदळाचा कोंडा, म्हणजे डीओआरबी, १,६०० धरला. गणित मांडलं तर १०० किलोमधला १२ किलो मका काढायचा, त्या जागी ३ किलो तेल आणि ९ किलो डीओआरबी. ऊर्जा जुळते. प्रोटीनही जवळपास तेवढंच राहतं, कारण कोंड्यात मक्यापेक्षा प्रोटीन जास्त. डीओआरबी भंडाऱ्याकडून आला. साधा ताजा कोंडा घेतला नाही, त्यातल्या एन्झाइममुळे तो थोड्याच दिवसांत खवट होतो.

मिसळताना तेल आधी थोड्या मक्याच्या भरड्यात चोळलं, मग तो भरडा बाकीच्यात. एकदम ओतलं तर गोळे होतात आणि हुशार कोंबड्या ते वेचून खातात. एक फायदा लगेच दिसला, ब आणि क खणात खाद्याचा धुरळा कमी. मॅश, म्हणजे भरडलेलं खाद्य, टाकताना शिंका येत नाहीत.

काकू ड्रम फिरवत होती. म्हणाली, “काहून रे बाबू, एवढं महागाचं तेल कोंबड्याईले कायले पाजून राहिला? जवसाची चटणी आपणच खावी अन् अंडं साधंच खावं. झालं न तुझं ओमेगा!”

प्रश्न एकदम मोक्याचा आहे. उत्तर नीट मांडून लिहीन.

२९ डिसेंबर

काकूच्या प्रश्नावर.

एएलएच्या हिशेबाने काकू शंभर टक्के बरोबर. क खणातली कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, त्यात ३.३ ग्रॅम तेल, त्यात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास एएलए. त्यातलं काही ती जाळते, काही अंगाच्या चरबीत जातं, आणि बलकात उतरतं ते काहीशे मिलिग्रॅम. उलट दहा ग्रॅम जवसाची चटणी खाल्ली तर दोन ग्रॅमच्या आसपास एएलए थेट आपल्या पोटात. नुसत्या एएलएसाठी कोंबडी मधे घालणं म्हणजे तोट्याचा धंदा.

पण अंड्याची खरी किंमत एएलएत नाही, डीएचएत आहे. डीएचए हे लांब साखळीचं ओमेगा-३, मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात लागणारं, मासे खाणाऱ्याला मिळणारं. माणसाच्या शरीरात एएलएपासून डीएचए फार थोडं बनतं. कोंबडीचं लिव्हर हे काम आपल्यापेक्षा बरंच चांगलं करतं. ती एएलएची साखळी लांबवते, दुहेरी बंध वाढवते आणि तयार डीएचए बलकातल्या फॉस्फोलिपिड नावाच्या चरबीत बसवते. साध्या अंड्यात डीएचए थोडंच असतं, जवस दिलेल्या कोंबडीच्या अंड्यात ते ७५ ते १०० मिलिग्रॅमपर्यंत चढतं. आपल्याकडे आठवड्याला मासे खाणारी घरं किती? गोड्या पाण्यातला मासा आठवडी बाजारात आला तर आला. म्हणून अंड्याला अर्थ आहे.

आता यातली मेख. खाद्यात जवस वाढवत नेलं तर बलकातलं एएलए वाढत जातं, पण डीएचए एका मर्यादेला जाऊन थांबतं. लिव्हरची बनवायची ताकद तेवढीच. ५ टक्के, ७ टक्के तेल घालून अंडं दुप्पट ‘ओमेगा’ होईल, पण जे आपल्याला पाहिजे ते डीएचए जेमतेम वाढेल. आणि अंड्याला वास लागायचा धोका वाढेल.

दुसरी मेख : ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांची साखळी लांबवणारं एन्झाइम एकच. खाद्यात सोयाबीन, सूर्यफूल किंवा सरकीचं तेल जास्त असेल तर लिनोलेइक त्या एन्झाइमवर गर्दी करतं आणि एएलए मागे राहतं. म्हणजे अर्धं जवस अर्धं सोयाबीन तेल मिसळून पैसे वाचवायचे, हा दुकानदाराने सुचवलेला उपाय कामाचा नाही.

काकूला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग चटणी बी खावी न?” खावी.

१० जानेवारी

अजून अंडी हिशेबात धरलेली नाहीत. बलक एका रात्रीत होत नाही. अंडाशयात तो झपाट्याने भरायचे शेवटचे नऊ-दहा दिवस असतात, आणि एकाच वेळी लहान-मोठे बरेच बलक रांगेत भरत असतात. खाद्य बदललं त्या दिवशी जे अर्धे भरलेले होते ते जुन्या खाद्याचे. शिवाय अंगातली जुनी चरबीही हळूहळू बलकात येते. म्हणून दोन-तीन आठवडे जाऊ दिल्याशिवाय अंडं पाहून काही म्हणायचं नाही. ज्या ओमेगा अंडीवाल्याने परवा खाद्य बदललं आणि आज लेबल लावलं, त्याच्याकडून घेऊ नये.

खाणं तिन्ही खणांत जवळपास सारखं. गणित जुळलं म्हणायचं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. वाण घ्यायला आलेल्या बायकांनी शेड पाहिली. एकीने विचारलं, तिळाची ढेप का नाही देत? देता येते, थोड्या प्रमाणात. तिळाच्या पेंडीत मिथिओनिन चांगलं, लायसिन (तसंच दुसरं अमिनो ॲसिड) कमी, सोयाबीनच्या उलट, म्हणून दोन्हीची जोडी जमते. पण भावाने परवडत नाही.

मोहरीची ढेप मात्र आपल्या तपकिरी अंड्यांच्या कोंबड्यांना नको. मोहरी-सरसूच्या पेंडीत सिनॅपिन असतं, त्यापासून आतड्यात ट्रायमिथाइलअमाइन बनतं. बहुतेक कोंबड्या ते लिव्हरमध्ये निकामी करतात, पण तपकिरी अंडी देणाऱ्या काही जातींतल्या काही कोंबड्यांत ते निकामी करणारं एन्झाइमच कमजोर असतं. मग अंड्याला सडक्या मासळीचा वास. वीसातल्या एकीचीही अंडी ट्रेमध्ये गेली तर गिऱ्हाईक गेलं.

२७ जानेवारी

सरकीचा प्रश्न आज आपोआप सुटला.

शेजाऱ्यांच्या गावरान कोंबड्या त्यांच्या म्हशीच्या घमेल्यात तोंड घालतात, सरकीची ढेप मजेत खातात. त्यांची अंडी मी मुद्दाम मागून फ्रिजमध्ये ठेवली होती, बाजूला आमच्या अ खणातली. आज दोन्ही ताटलीत फोडली. आमची ठीक. त्यांच्यातल्या काहींचा बलक शेवाळी-तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, आणि एकाच्या पांढऱ्यात स्पष्ट गुलाबी छटा.

याला दोन कारणं, दोन्ही सरकीतली. एक गॉसिपॉल, सरकीतला पिवळा विषारी रंगद्रव्याचा अंश. ते बलकातल्या लोहाला धरतं आणि साठवणीत बलकाचा रंग फिरतो. दुसरं, सरकीच्या तेलातली स्टर्क्युलिक आणि मालव्हॅलिक नावाची वेगळ्या बांधणीची ॲसिडं. त्यांच्यामुळे बलकाभोवतीचा पडदा झिरपायला लागतो, बलकातलं लोह पांढऱ्यात उतरतं आणि तिथल्या कोनाल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटून गुलाबी होतं. हीच ॲसिडं कोंबडीच्या लिव्हरमधलं एक एन्झाइमही अडवतात. मग स्टिअरिक या कडक चरबीचं ओलेइक या पातळ चरबीत रूपांतर होत नाही, बलकात कडक चरबी वाढते आणि थंड झाल्यावर तो मेणासारखा घट्ट होतो.

ताजं अंडं फोडलं तर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून गावात कोणाला कळत नाही. घरच्या घरी आज घातलेलं उद्या खाल्लं, विषय संपला. आपली अंडी मात्र नागपूरला जातात, दुकानात राहतात, मग गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये.

म्हशीला का चालतं, हे काकूने विचारलंच. म्हशीच्या मोठ्या पोटातले जंतू आणि तिथलं प्रोटीन गॉसिपॉलला बांधून टाकतात. कोंबडीला ते पोट नाही. रिफाइंड सरकी तेलात गॉसिपॉल उरत नाही आणि ती ॲसिडंही बरीच कमी होतात, पण मग ते स्वस्त कुठे राहिलं? आणि त्यात ओमेगा-३ शून्याच्या जवळ.

काकूने ताटलीतला गुलाबी पांढरा पाहिला, “हट्” म्हणाली, आणि सरकीचं नाव सोडलं.

६ फेब्रुवारी

अंड्यांची वजनं. ट्रे भरून तोलतो, एकेक नाही, रोजची चढउतार त्यात मुरते. ब खणातलं अंडं अ पेक्षा साधारण दोन ग्रॅमने जड भरतंय. क खण मधे, अ च्या जवळ.

हे अपेक्षितच. अंड्याचं वजन वाढवणारं तेलातलं मुख्य द्रव्य म्हणजे लिनोलेइक. लेअरच्या खाद्यात ते निदान एक टक्का लागतं, थोडं जास्त असेल तर अंडं अजून भरतं. सोयाबीन तेलाने दीड टक्का एकदम वाढला. जवसाच्या तेलात लिनोलेइक जेमतेम पंधरा टक्के, शिवाय १२ किलो मका काढला त्यातलंही गेलं. म्हणून क खणाला वजनात फार फायदा नाही.

अ खणाचंही वजन डिसेंबरपेक्षा वाढलंय, कारण कोंबडी वयाने मोठी झाली की अंडं मोठं होतंच. अ खण नसता तर हेही तेलाच्या खात्यात जमा केलं असतं. तेलाची, टॉनिकची, काढ्याची जाहिरात करणारे बहुतेक जण नेमके इथेच पैसे कमावतात.

अंडी घालण्याचं प्रमाण तिन्हीकडे सारखं. कवच सारखं.

१९ फेब्रुवारी

दुकानदार येऊन गेला. गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न : “कोलेस्टेरॉल किती कमी झालं?”

नाही झालं, असं सांगितलं. मोठ्या अंड्यात १८० ते २०० मिलिग्रॅमच्या घरात कोलेस्टेरॉल असतं आणि खाद्यातल्या तेलाने ते जवळजवळ हलत नाही. बलक पिल्लासाठी आहे, आपल्यासाठी नाही. पिल्लाच्या पेशी बांधायला ठरावीक कोलेस्टेरॉल लागतं, लिव्हर ते बलकासाठीच बनवलेल्या बारीक कणांत भरून अंडाशयाकडे पाठवतं, आणि तो पुरवठा फार खाली ओढला तर कोंबडी अंडंच घालायची थांबते. तसंच पामिटिक आणि स्टिअरिक, ही दोन संपृक्त ॲसिडं बलकाच्या चरबीचा साधारण तिसरा हिस्सा, तेही फारसं हलत नाही. एकूण चरबीही अंड्यामागे पाच ग्रॅमच्या आसपास, तेवढीच. तेलाने बदलते ती उरलेल्या हिश्शातली वाटणी : ओलेइक थोडं कमी होऊन त्याच्या जागी लिनोलेइक येणार की ओमेगा-३, हे आपण घातलेलं तेल ठरवतं. मका-सोयाबीनवरच्या साध्या अंड्यात ओमेगा-६ हे ओमेगा-३ च्या पंधरा-वीस पट असतं, जवसाने ते तीन-चार पटीवर येतं. आणि ॲराकिडॉनिक, म्हणजे लांब साखळीचं ओमेगा-६, कमी होतं, डीएचए वाढतं. बस, एवढंच. पण हे एवढंच काही थोडं नाही.

त्याला लेबलवर ‘हार्टसाठी उत्तम, कोलेस्टेरॉल फ्री’ पाहिजे होतं. कोलेस्टेरॉल फ्री अंडं फक्त पांढऱ्याचं असतं. दाव्यांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेचे, २०१८ चे नियम आहेत, पोषणाचा दावा करायचा तर तपासणीचा आधार लागतो. मी म्हटलं, डब्यावर जे खरं आहे ते लिही : ‘जवसाचं तेल घातलेल्या खाद्यावरच्या कोंबड्यांची अंडी’. आकडे पाहिजेत तर प्रयोगशाळेची फी तू भर, अंडी मी देतो. चहा पिऊन गेला. पाहू.

४ मार्च

नवीन जवस बाजारात यायला लागलं. काकूची सूचना : तेल महाग, तर घाणीची जवस ढेपच द्यावी, किंवा दाणेच भरडून द्यावे. घाणीच्या ढेपेत तेल राहतंच, सॉल्व्हंटने तेल काढून घेतलेल्या पेंडीसारखं कोरडं नसतं, त्यामुळे म्हणणं अगदीच हवेत नाही.

अडचणी तीन. जवसाच्या टरफलात चिकट डिंक असतो, पाण्यात भिजला की बुळबुळीत होतो, आणि कोंबडीची विष्ठा ओली, चिकट. दुसरं, कच्च्या दाण्यात लिनामारिनसारखी द्रव्यं, त्यातून सायनाइड सुटतं, ती भाजल्यावर बरीच कमी होतात. तिसरं लिनॅटिन, जे बी-६ जीवनसत्त्वाला निकामी करतं, मग प्रिमिक्समधून (जीवनसत्त्वांचं तयार मिश्रण) बी-६ जास्त द्यावं लागतं. तेलात यातलं काही येत नाही, कारण हे सगळं दाण्याच्या चोथ्यात राहतं.

तरी काकूच्या समाधानासाठी क खणातल्या चार कोंबड्या बाजूच्या पिंजऱ्यात घेऊन त्यांना तेलाऐवजी भाजून भरडलेलं जवस, १० टक्के.

१२ मार्च

पिंजऱ्याखाली पाहायला नको. शेपटीखालची पिसं चिकटलेली, अंड्यांवर डाग, माश्या. काकूने स्वतःच प्रमाण निम्म्यावर आणायला सांगितलं. अंडी धुवायची वेळ आली की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि अंडं टिकत नाही, ते वेगळंच.

नंतर जोडलेली ओळ : निम्म्यावर आणल्यावर चार-पाच दिवसांत जमिनीत फरक. ५ टक्के भाजलेलं जवस चालण्यासारखं दिसतं.

१९ मार्च

बचत गटाच्या बैठकीत चव पाहिली. तिन्ही खणांची अंडी उकडून, सोलून, खूण केलेल्या ताटल्यांत वाटली. कोणालाच क ची चव वेगळी लागली नाही, वास कोणाला आला नाही. मला याचीच धास्ती होती.

पण तोंडात घालायच्या आधीच निकाल लागला होता. अर्धं कापल्यावर अ चा बलक पिवळाजर्द, ब आणि क चा फिकट. “हे अंडं अशक्त हाये,” असं एकमताने ठरलं. ज्याच्यात ओमेगा आणि तेलाचा खर्च, तेच नापास.

फिकटपणा तेलाचा नाही. उलट तेलाने रंगद्रव्य चांगलं शोषलं जातं. रंग येतो पिवळ्या मक्यातल्या ल्युटिन आणि झियाझँथिनमुळे, आणि ऊर्जेचं गणित जुळवायला आपण १२ किलो मका काढून त्या जागी रंगहीन कोंडा घातला. बलकाचा रंग कोंबडीने काय रंगीत खाल्लं एवढंच सांगतो, डीएचएबद्दल काहीच नाही. पण गिऱ्हाईक डोळ्यांनी खातं, तर रंग द्यायला हरकत नाही. लसूणघास चालू करतो. आणि भिवापूरची मिरची आहेच : खुडल्यावर उरलेला लाल चुरा गोळा करून थोडा मिसळला की त्यातल्या कॅप्सँथिनने बलक नारिंगी होतो. कोंबड्यांना मिरची तिखट लागत नाही, तिखटपणा पकडणारी मज्जातंतूंवरची जागा पक्ष्यांत त्याला दादच देत नाही. झोंबते ती मिसळणाऱ्याला. चुरा बुरशी नसलेला, कोरडाच घ्यायचा.

३० मार्च

लसूणघास आणि मिरची चुऱ्याने रंग चढला. आठवड्यातच फरक दिसतो. गटातल्या त्याच बायका आता क चं अंडं मागतात.

११ एप्रिल

ऊन चाळिशीच्या पुढे. दुपारी कोंबड्या पंख पसरून, चोच उघडून उभ्या. अ खणाचं खाणं जास्त घटलंय, ब आणि क चं त्यामानाने कमी. तेल पचवताना अंगात उष्णता कमी तयार होते, स्टार्च-प्रोटीन पचवताना जास्त. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेलाचा हा फायदा ओमेगापेक्षाही रोकडा आहे, आणि त्यासाठी महागडं जवसच पाहिजे असं नाही, सोयाबीन तेलही तेच करतं. उन्हाळ्यात ऊर्जा सारखी ठेवायचा हट्टही नको, खाणंच घटतं तेव्हा घासाघासात जास्त ऊर्जा असलेली बरी, फक्त प्रोटीन, मिथिओनिन आणि कॅल्शियम त्याच प्रमाणात घट्ट करायचं.

खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर. गोणपाट ओले ठेवतोय, छपरावर तुराट्या-पऱ्हाट्या टाकल्या.

पण याच उन्हात जवसाचं तेल मरतं. आज घाणीवरचा एक डबा उघडला तर रंगाच्या दुकानासारखा वास, परत केला. काकाजींनी काही न बोलता बदलून दिला, मागच्या बाजूला उन्हात राहिलेला होता म्हणाले. खवट तेल घातलं तर खाद्यातलं व्हिटॅमिन ई आधी जळतं, कोंबडी खाणं सोडते, आणि जे ओमेगा-३ द्यायचं तेच तुटलेलं असतं. अंड्याला मासळी वास येतो तोही बऱ्याचदा यातूनच. आता लहान काळे डबे, तोंडापर्यंत भरलेले, माठाजवळ थंडाव्यात. मिश्रण तीन-चार दिवसांपुरतंच. व्हिटॅमिन ई वाढवलं, ते कोंबडीला राखतं आणि बलकातही उतरतं. बीएचटीसारखं ऑक्सिडेशनविरोधी द्रव्य तेल काढल्याबरोबर मिसळायचं असतं, खवट झाल्यावर टाकून उपयोग नाही.

२८ एप्रिल

दुकानदाराचा फोन. प्रयोगशाळेची फी भरायला तयार, पण पावसाळ्यानंतर, कारण उन्हाळ्यात अंड्याला गिऱ्हाईकच कमी. ‘गरम पडतं’ हा समज आकड्यांनी जाणार नाही. तोवर साध्या चिठ्ठीवर, मी सांगितलेल्या ओळीसह, थोडे ट्रे घेणार. भाव सुरुवातीला म्हणाला होता त्यापेक्षा कमी, साध्या अंड्यापेक्षा जास्त. काकूने वहीत तेलाचा खर्च मांडून पाहिला आणि हो म्हणाली.

मे महिन्यापासूनची मांडणी : क खणात जवसाचं तेल २ टक्के आणि भाजलेलं भरडलेलं जवस ३ टक्के. दाण्यातलं तेल दाण्यात असेपर्यंत खवट होत नाही, म्हणून उन्हाळ्यात साधारण तिसऱ्या हिश्शाची भिस्त दाण्यावर, आणि भरडायचं रोजच्या रोज. ब खणात सोयाबीन तेल तसंच, उन्हासाठी. ती अंडी गावात साधी म्हणूनच जातील. मोठी असल्यामुळे आठवडी बाजारात लवकर संपतात.

अ खण बिनतेलाचाच राहणार. काकूला ते पटत नाही, “त्याईनं काय पाप केलं, त्याईले बी दे,” म्हणते. पण पावसाळ्यानंतर प्रयोगशाळेत क ची अंडी जातील तेव्हा शेजारी अ ची अंडी पाहिजेत, नाहीतर कागदावर आलेला आकडा कशाशी ताडून पाहणार? अ ला उन्हाळाभर लसूणघास जास्त आणि दुपारी पाण्यात इलेक्ट्रोलाइट, एवढ्यावर तडजोड झाली.